ताईच्या आवाजाचा परवाना

ताईनं "मला" एवढंच म्हटलं आणि यंत्र गप्प झालं.

प्रश्न भिंगऱ्यानं विचारला होता. असा प्रश्न माणसानं खुर्ची ओढून, समोर बसून विचारावा. यानं एका हातात चहाचा कप धरून, दुसऱ्या हातानं शर्टाची बटणं लावत विचारला, "मग ताई, काय ठरवलंस? जायचं की राहायचं?" ताईनं स्क्रीनवरच्या अक्षरांवर नजर फिरवली, खाली शब्द उमटले, त्यातला एक तिनं डोळ्यांनीच उचलला आणि तिच्या जुन्या, खणखणीत आवाजात यंत्र बोललं, "मला." पुढचं काही यायच्या आत स्क्रीनच्या मधोमध एक पांढरी चौकट उघडली. परवाना तपासता आला नाही, सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, आवाज बंद करण्यात आला आहे. खाली 'ठीक आहे' असं बटण होतं. ठीक कसलं डोंबलाचं.

भिंगऱ्या हे नाव ताईनंच ठेवलेलं. लहानपणापासून त्याच्या पायाला भिंगरी. जेवताना मधेच उठायचा, अभ्यासाला बसला की पेन्सिल शोधायला उठायचा, निजला तरी दार लावलं का बघायला उठायचा. आता डोक्यावर पिकलेले केस जास्त नि काळे कमी झाले तरी तोच प्रकार. कुरिअरच्या गोदामात गाड्या वेळेवर सोडायचं काम त्याच्याकडे होतं. तिथं या गुणाचं कौतुक व्हायचं, घरी त्याचा ताप व्हायचा. घरातली सगळी घड्याळं त्यानं पुढे लावून ठेवली होती, उशीर होऊ नये म्हणून. स्वयंपाकघरातलं थोडं पुढे, बैठकीतलं बरंच पुढे, आणि निजायच्या खोलीतलं इतकं, की त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस गोदामाच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहील. कुठल्या घड्याळातून किती वजा करायचं ते बायकोला पाठ होतं. पाहुण्यांची मात्र त्रेधा उडायची.

ताई त्याच्यापेक्षा बरीच मोठी. सगळा जन्म बस स्थानकावर घोषणा करण्यात गेला तिचा. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कोणती उशिरा येणार आहे, हे गावभरच्या लोकांनी तिच्या तोंडून ऐकलेलं. भाजी घेताना ती बोलली की चार माणसं वळून बघायची, आवाज ओळखीचा वाटायचा ना. आणि आजार झाला तो नेमका याच आवाजावर आला. आधी जीभ जड झाली, मग हात, मग मान. आता डोळे तेवढे हलत होते, आणि डोळ्यांमागचं डोकं पहिल्यापेक्षा तिखट झालं होतं. जीभ जड व्हायला लागली तेव्हाच तिनं एक शहाणपण केलं. रोज दुपारी बसून स्वतःचा आवाज भरून ठेवला. त्यातून हे यंत्र बोलायचं. खुर्चीसमोर स्टँडवर स्क्रीन, खाली तिची नजर टिपणारा कॅमेरा, आणि आत ते सॉफ्टवेअर, जे रोज एकदा आपल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं की या बाईंना आज बोलू द्यायचं ना. आजवर तिकडून होकार येत होता.

आता आजच्याच दिवशी हे व्हावं, याला काय म्हणायचं. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा आजाऱ्यांचं एक केंद्र होतं. तिथं एक खोली रिकामी झाली होती. महिनाभर घरात त्यावर बोलणं चालू होतं, म्हणजे भिंगऱ्या आणि त्याची बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होती आणि ताई बाहेर ऐकत होती. केंद्रातल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "घरच्यांनी कळवलेलं आम्ही धरत नाही. त्यांनी स्वतः, त्यांच्या शब्दांत सांगायचं. मी संध्याकाळी फोन करते. त्यानंतर मला खोली दुसऱ्याला द्यावी लागेल." ती संध्याकाळ म्हणजे आजचीच.

आणि घर ताईच्या नावावर होतं. हे कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांच्या डोक्यात होतं. बाईला तिच्याच घरातून बाहेर काढलं असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो?

भिंगऱ्याला काय हवं होतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ताईनं "जाते" म्हणावं असं त्याला वाटत होतं. रात्री दर थोड्या वेळानं उठून तिला कुशीवर वळवायचं, श्वासाची नळी साफ करायची, पुन्हा सकाळी गोदामात जाऊन माणसांवर ओरडायचं, या सगळ्यानं तो पार पिचून गेला होता. आणि असं वाटतं म्हणून त्याला स्वतःची इतकी लाज वाटायची की तो ताईच्या डोळ्यांत बघायचं टाळायचा. ज्या बाईला फक्त डोळेच उरलेत तिच्या.

"पाटी आणू का?" बायकोनं विचारलं.

पाटी म्हणजे अक्षरं लिहिलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फळी. ती दोघींच्या मध्ये धरायची, ताई ज्या अक्षराकडे बघेल ते पलीकडून ओळखायचं, आणि एकेक अक्षर जोडत शब्द करायचा. बायकोला ते झकास जमायचं. ती पडदे शिवायची, तासन्‌तास एका शिवणीवर नजर ठेवायची सवय होती तिला. भिंगऱ्याच्या हातात पाटी दिली की संपलंच. ताईनं दोन अक्षरं दाखवली की हा तिसरं, चौथं, पाचवं स्वतःच लावायचा. एकदा तिला उशी हवी होती आणि हा "उशीर? कुणाला उशीर झाला?" म्हणत चपला घालून दारापर्यंत गेला होता.

"पाटीवर नको," तो म्हणाला. "अगं, पाटी वाचणार तू. उद्या कोणी म्हणायला नको, वहिनीनं हवं ते वाचलं म्हणून."

"तेच म्हणणार होते मी," बायको म्हणाली. "मलाही ते वाचायचं नाहीये. पण हो-नाही तर विचारता येईल. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही."

"एवढी मोठी गोष्ट पापणीवर उरकायची?"

दोघांनी ताईकडे बघितलं. ताईनं डोळे घट्ट मिटले आणि मिटलेलेच ठेवले. तिला हे स्वतःच्या आवाजात सांगायचं होतं, त्यात शंकेला जागा नव्हती.

मग भिंगऱ्यानं गोदामात फोन करून सुट्टी टाकली आणि बाह्या सरसावल्या. आधी इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. त्याचे दिवे एकेक करून लागेपर्यंत तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. दिवे लागले, चौकट तशीच. मग त्यानं मोबाइलचं इंटरनेट जोडून बघितलं. बायकोच्या मोबाइलवर बातम्या धडाधड उघडत होत्या, म्हणजे जगाशी संपर्क होता, फक्त त्या एका सर्व्हरशी नव्हता. मग त्याला वाटलं, बाहेरून येणाऱ्या गोष्टी अडवणारं जे काही यंत्रात असतं तेच अडवत असेल, म्हणून त्यानं ते बंद केलं. यंत्रानं आता तुम्ही सुरक्षित नाही असा इशारा दिला. "मी कधी होतो," असं पुटपुटून त्यानं तो इशारा मिटवला.

एवढ्यावर थांबला असता तर तो भिंगऱ्या कसला. त्यानं विचार केला, परवान्याची की काढून पुन्हा घालू, नव्यानं बसेल. की म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ, जी यंत्र आलं त्या खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती. त्यानं 'परवाना काढून टाका' दाबलं, यंत्रानं "नक्की?" विचारलं, त्यानं "नक्की" सांगितलं. मग खोकं उलटंपालटं करत, चष्मा कपाळावर चढवत, उतरवत, त्यानं ती माळ भरली. यंत्र क्षणभर घुटमळलं आणि नवी चौकट आली. ही की दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे.

"दुसऱ्या कुठल्या?" भिंगऱ्यानं स्क्रीनला विचारलं. "घरात एकच आहे. तू आहेस."

नळ गळतो म्हणून त्यानं नळच उपटला होता. सर्व्हरशी बोलणं धड होत नसताना त्यानं परवाना परत केला होता, आणि परत केल्याचं सर्व्हरला कळलंच नव्हतं. तिकडच्या हिशेबी तो अजून जुन्याच जागी बसलेला. म्हणजे सकाळी एक कुलूप होतं, दुपारी दोन झाली.

कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला तर बराच वेळ वाद्यसंगीत वाजत राहिलं. ताईला ते संगीत आवडत नव्हतं. तिनं डोळे छताकडे फिरवले तेव्हा बायकोला हसू आलं. शेवटी एक बाई बोलायला आली, आवाज दमलेला पण सभ्य.

"सर, आधी इंटरनेटचा डबा बंद करून—"

"केला."

"मोबाइलच्या इंटरनेटवर—"

"केलं. सगळं केलं. तुम्ही पुढचं सांगा."

"सर, मला क्रमानं जावं लागतं."

"अहो बाई, इथं एक माणूस सकाळपासून अर्ध्या वाक्यावर अडकलंय."

मदतवालीनं क्रम बाजूला ठेवला. की तिच्या बाजूनं मोकळी करून दिली, भिंगऱ्यानं ती पुन्हा भरली, आणि या वेळी की मान्य झाली. त्याचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सकाळचीच चौकट पुन्हा उघडली. सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.

"सर, आमचा सर्व्हर तर चालू दिसतोय. मी तक्रार वरच्या लोकांकडे पाठवते. ते उद्या फोन करतील."

"उद्या काय उपयोग?" भिंगऱ्या म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं खोलीला चार फेऱ्या मारल्या, स्क्रीनमागच्या वायरी उपटून पुन्हा खुपसल्या, एक वायर उगाचच फुंकून लावली, गॅलरीत जाऊन आला, पाणी प्यायला गेला आणि न पिताच परत आला. डोक्यात ते एकच "मला" घुमत होतं. मला जायचंय. मला घालवू नका. मला विचारतोस काय, तुझं तू ठरवलंयस ना. प्रत्येक वाक्य त्याला ताईच्या आवाजात ऐकू येत होतं, आणि शेवटचं सगळ्यात स्पष्ट.

"तुम्हाला काय ऐकायचंय?" बायकोनं शिवणाचं मशीन थांबवून विचारलं.

तो म्हणाला, "आवाज येऊ दे, बस." हे उत्तर नव्हतं, आणि तिनंही ते उत्तर म्हणून घेतलं नाही.

ती ताईच्या तोंडावरची लाळ पुसायला वाकली आणि तशीच थांबली. "अहो, ताई सारख्या एका कोपऱ्यात बघताहेत."

"चौकटीकडे बघत असेल."

"चौकट मधे आहे. या खाली बघताहेत, उजवीकडे. सकाळपासून बघताहेत, मला वाटलं मान अवघडली." तिनं पाटी काढली. "ताई, यंत्राचं काही सांगायचंय?"

ताईनं डोळे वर केले. इतके वर, की बुबुळं जवळजवळ दिसेनाशी झाली.

बायकोनं पाटी धरली. घ आला. मग ड.

"घडलं?" भिंगऱ्या खांद्यावरून डोकावला. "काय घडलं? घडी? कसली घडी?"

"तुम्ही जरा पलीकडे होता का?"

य आला, मग ळ. बायकोनं जोडून वाचलं, "घड्याळ."

भिंगऱ्यानं भिंतीकडे बघितलं. "माहीत आहे गं ताई, उशीर होतोय. मी काय हातावर हात ठेवून बसलोय का?"

ताईनं डोळे मिटले. हा माणूस आपलाच भाऊ आहे याचं दुःख माणूस डोळे मिटून जितकं सांगू शकतो तितकं तिनं सांगितलं. बायको मात्र स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथं बारीक आकड्यांत वेळ दिसते. मग तिनं आपल्या मोबाइलमधली वेळ बघितली. मग पुन्हा कोपरा बघितला.

"हे कोणी पुढे केलं?"

भिंगऱ्या कोपऱ्याकडे वाकला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

घरात बरोबर चालणारं घड्याळ म्हणून एवढं एकच उरलं होतं. काल सकाळी ताईचा चेहरा पुसता पुसता त्याची नजर त्यावर गेली, अजून वेळ आहे असं वाटलं, आणि तो रेंगाळला. गोदामात पोचायला उशीर झाला. रात्री निजायच्या आधी, ताईची नळी साफ केल्यावर, त्यानं आपोआप वेळ घेण्याची सोय बंद केली आणि तेही घड्याळ बैठकीतल्यासारखंच चांगलं पुढे ढकलून ठेवलं. केलं आणि विसरला. ताई तेव्हा जागी होती. तिच्या डोळ्यांदेखत केलं होतं.

जन्मभर गाड्यांच्या वेळा सांगितलेल्या बाईच्या नाकासमोर चुकीची वेळ ठेवली, तर तिला दुसरं काही दिसणार होतं का?

मदतकक्षाला पुन्हा फोन लागला, योगानं तीच बाई निघाली. भिंगऱ्यानं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "समजा, म्हणजे समजा हं, मशीनचं घड्याळ पुढे असलं तर?"

"किती पुढे, सर?"

त्यानं सांगितलं.

पलीकडे खाकरल्यासारखा आवाज झाला. ती बाई हसली असावी, पण हसू गिळायचं शिक्षण तिला मिळालेलं होतं. "सर, आमच्याकडून जी परवानगी येते तिच्यावर वेळ असते, आणि ती थोडाच वेळ चालते. तुमचं मशीन पुढे असलं तर त्याला ती हातात पडतानाच शिळी वाटते. मग ते दारच उघडत नाही, आणि संपर्क झाला नाही असं दाखवतं. पण सर, घड्याळ असं आपोआप पुढे जात नाही. कोणी—"

"बरं बरं, करतो नीट," भिंगऱ्या घाईनं म्हणाला.

वेळ मागे आली. चौकट मिटली, अक्षरं उमटली, कॅमेऱ्याचा दिवा लागला. यंत्र पहिलं वाक्य बोललं ते ताईनं सावकाश, एकेक शब्द निवडून तयार केलेलं होतं. "घड्याळाला हात लावशील तर याद राख." बायको इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. भिंगऱ्याही हसला, पण अर्धवट, कारण आता सकाळचा प्रश्न पुन्हा खोलीत येऊन उभा राहिला होता आणि मधे कुठलीच वायर उरली नव्हती. सकाळपासून तो यंत्राशी झुंजत होता तेव्हा निदान हाताला काम होतं.

तो विचारायला तोंड उघडणार तोच फोन वाजला.

केंद्रातल्या बाईंचा चेहरा फोनच्या काचेवर आला. बायकोनं फोन ताईसमोर स्टँडला टेकवला. "मी फक्त ताईंशी बोलणार," बाई म्हणाल्या, "बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही." भिंगऱ्या ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. अक्षरं दिसू नयेत म्हणून त्यानं स्क्रीनकडे बघायचं टाळलं. एरवी ताई शब्द जुळवत असली की तेवढ्या वेळात तो तिची तीन वाक्यं स्वतः पुरी करायचा. आज त्यानं ओठ दातांखाली धरला.

"येते मी," ताईचा आवाज म्हणाला.

"कोणी सांगितलं म्हणून येताय?"

पुन्हा थांबणं. "कोणाची बिशाद आहे."

बाई हसल्या. "मग कारण सांगा. मला विचारावंच लागतं."

या वेळी फार वेळ गेला. रस्त्यावरून कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत गेलं. बायको शिवणाच्या मशीनवरचा पडदा उगाच चाचपत बसली. मग आवाज आला, गाडी फलाटावर लागल्याचं सांगताना यायचा तसाच, न अडखळता. "ही दोघं दिवसभर माझी काळजी करतात. मी दिवसभर त्यांची करते. मला त्याचा कंटाळा आला आहे. तिथं माझ्या ओळखीचं कोणी नसेल. मला जरा सुट्टी मिळेल."

भिंगऱ्यानं आवरायच्या आधीच त्याचे खांदे सैल पडून खाली आले, आणि पाठोपाठ लाज अशी उसळली की तो खुर्चीला वळसा घालून पुढे आला. "ताई, तू आमच्यासाठी म्हणत असशील तर नको हं. मी काम बदलतो. रात्रीला बाई ठेवू. मला काही जड नाही, मी आजवर एकदा तरी म्हटलंय का—"

"थांबा," बायको म्हणाली. "त्या बोलताहेत."

तो थांबला. ताईची नजर एका अक्षरावरून दुसऱ्यावर जात होती.

"तुला हायसं वाटलं," यंत्र म्हणालं.

"नाही गं ताई."

"वाटलं. मागे उभा होतास. फोनच्या काचेत दिसत होतास." आणि तो काही बोलायच्या आत, कारण पुढचं तिनं आधीच जुळवून ठेवलं होतं, "वाटू दे. मलाही वाटलं."

भिंगऱ्या पलंगाच्या कडेवर बसला आणि लहान पोरासारखा आवाज करून रडला. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. केंद्रातल्या बाई फोनवर तशाच थांबल्या, त्यांनी पुढचं काही विचारायची घाई केली नाही.